फुनाबोरीतली अंबाडी

गॅलरीत चार कुंड्या ठेवल्या की भाजी येते की नाही ते देव जाणे, पण किस्से मात्र भरघोस येतात. त्यांना ना खत लागतं, ना पाणी! तोक्योतल्या आमच्या फुनाबोरीत सहा मराठी घरांचा 'गॅलरीतली शेती' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. आजवर कोणी किती झाडं मारली हे तिथे कुणीच विचारत नाही, कारण सगळ्यांचेच हात माखलेले.

ह्या वर्षी मे महिन्यात माझे सासरे, नाना, अकोल्याहून आले. नव्वद दिवसांच्या व्हिसावर. सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले होते आणि नानांचं जेवण तुटलं ते तुटलंच होतं. अर्धी पोळी, दोन घास भात, की उठले हात धुवायला. "भूक नाही गं." तक्रार म्हणाल तर शून्य. परत जाऊन त्या घरात एकटेच राहणार होते, आणि मला एकच घोर लागला होता. नव्वद दिवसांत हा माणूस नीट जेवायला लागला नाही, तर तिकडे कोण बघणार?

एकदा नाना सहज बोलून गेले, "अंबाडीची भाजी असती तर खाल्ली असती बुवा."

झालं! अख्खा ग्रुप कामाला लागला.

*

बी शोधलं कुलकर्णी-साननी. हे तोयोसुला आयटीत आहेत. ऑफिसातलं 'सान', म्हणजे आपलं 'राव', त्यांना असं चिकटलंय की आम्हीही तसंच म्हणतो. चिडली की त्यांची बायकोसुद्धा! भारतातून बी आणायचं तर सरकारी कागद लागतात. पण आपली अंबाडी जपानमधे 'केनाफ' म्हणून मिळते, हा शोध त्यांचा. हुशार माणूस, प्रश्नच नाही.

तरी त्यांच्या मेथीचं ऐका. द्रवखताची बाटली आणली. मागे जपानीत स्पष्ट लिहिलेलं, पाचशे पट पाणी घाला. मोबाईलचा कॅमेरा धरून त्यांनी ते वाचलंही. पण मनात आलं, पातळ करून देण्यात काय अर्थ आहे? थेट डोस दिला तर डिलिव्हरी लवकर होईल!

दोन दिवसांत मेथी कडेने करपली, चौथ्या दिवशी आडवी. ग्रुपवर फोटो टाकून विचारतात, "हिला अजून थोडं घालू का?"

मी फोटो नानांना दाखवला. नानांनी चष्मा वर केला. "अरे बाप्पा! बारशाच्या दिवशी बाळाला पुरणपोळ्या चारल्या काय?"

*

हसले मी, पण माझा स्वतःचा पराक्रम काही कमी नाही.

कढीपत्त्याला आंबट ताक घालावं, हे माझ्या आईचं शास्त्र. ठाण्याला बरोबर आहे हो, तिथे झाड जमिनीत आहे. इथे माझी कुंडी सहाव्या मजल्यावर, कठड्याला टेकलेली. मी सकाळी चांगलं भांडंभर ताक ओतलं आणि आत गेले. ताक कुंडीतून खाली, गॅलरीच्या कडेवरून आणखी खाली, आणि पाचव्या मजल्यावरच्या आजींनी उन्हात टाकलेल्या पांढऱ्याशुभ्र गादीवर!

संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात त्या आजी. मी वाकायच्या आत त्याच वाकल्या, हातात बिस्किटांचा डबा. म्हणाल्या, "तुमच्या झाडांच्या खाली गादी टाकली, माझंच चुकलं."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एवढी लाज मला कुणी शिव्या घालूनही वाटली नसती!

*

अश्विनी तिकडे कोतोमधल्या शाळेत शिकवते आणि राहते आमच्याच बिल्डिंगमधे. तिचं सगळंच प्रेमाचं. मोगऱ्याला सकाळी पाणी, दुपारी पाणी, शाळेतून आली की "दमला असेल बिचारा" म्हणून पुन्हा पाणी. मुळं कुजून मोगरा गेला.

खरी गंमत पुढे. इथे कचरा वेगवेगळा करून द्यायचा, ते एव्हाना अंगवळणी पडलंय. पण माती? माती कुठल्याच कचऱ्यात घेत नाहीत! झाड जातं, माती घरातच. अश्विनीकडे मोगऱ्याची, तुळशीची, दोन टोमॅटोंची अशा पिशव्या साठत गेल्या. तिच्या नवऱ्याने एकदा गॅलरीचं दार उघडून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "आता कपडे कुठे वाळत घालायचे, की तेही पेरायचे?"

त्यातल्याच तीन पिशव्या तिने अंबाडीसाठी आणून दिल्या. नानांनी पिशवीत हात घातला, चिमूटभर माती नाकाशी नेली आणि म्हणाले, "चांगली आहे. ऊन दाखवा जरा." नाना शाळामास्तर होते, बागेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. परसबाग सासूबाईंची. त्या वाफ्यात आणि हे पायरीवर पेपर वाचत, असं चाळीस वर्षं चाललं. पण कानावर पडलेलं कुठे जातं?

*

बी पेरलं नानांनीच. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं! अख्खं पाकीट एकाच कुंडीत. आठवड्यात एवढी रोपं उगवली की माती दिसेना.

"नाना, विरळणी करायला हवी. तीन ठेवू, बाकीची उपटू."

"काहून? त्यांनी काय केलं?"

"अहो, नाहीतर एकही वाढणार नाही."

"मग तू उपट. मला नाही जमत."

मलाही जमेना! चार दिवस कुंडीकडे बघत बसलो, रोपं दोऱ्यासारखी बारीक होत चालली. शेवटी माझ्या लेकीने, इराने, दह्याचे रिकामे डबे धुऊन आणले. दुसरीतली पोर, पण मला आणि आजोबांना बाजूला बसवून तिने चमच्याने एकेक रोप उचललं. ग्रुपमधल्या प्रत्येक घरी चार-चार डबे गेले. प्रत्येक डब्यावर जपानीत लिहिलेलं, 'आजोबांचं आहे, मारू नका.'

*

आमच्याकडे तीन रोपं राहिली, आणि त्यांच्यावर लाडाचा पाऊस पडला. मी तांदूळ धुतलेलं पाणी घालायची. अश्विनी येता-जाता खताच्या गोळ्या खोचायची. कुलकर्णी-सान आता शहाणे झाले होते, पाचशे पट पातळ करून आणायचे. कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं! पानं टोकाला तपकिरी पडून वळायला लागली.

रविवारी सगळे जमले तेव्हा हे उघड झालं. मग सुरू झालं, तू घातलंस, तुम्ही घातलंत!

नाना कुंडीपाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "सगळे मिळून खाऊ घालताय तिला. जरा सोडा की तिला एकटीला. भूक लागली की घेईल तिची ती."

माझ्या हातात त्यांच्यासाठी वाढलेलं दुसरं थालीपीठ होतं, आग्रह करायला आणलेलं. तशीच आत गेले आणि डब्यात ठेवून दिलं. त्या दिवसापासून मी जेवताना त्यांच्या मागे लागणं बंद केलं. फार जड गेलं, पण केलं.

अंबाडीला महिनाभर नुसतं पाणी आणि ऊन. सुटली की हो ती! जुलैच्या शेवटी माझ्या खांद्याला लागली.

*

आता आली का पंचाईत! नाना खुडू देईनात. कोवळी असतानाच खुडायची असते, पण रोज "राहू दे अजून जरा." "पहिली पानं सिंधू खुडायची," असं सासूबाईंचं नाव घेऊन त्यांनी एकदाच सांगितलं आणि मी पुन्हा विषय काढला नाही. परतीला अकरा दिवस उरले. अंबाडी कठड्याच्या वर गेली, आणि पानं झाली हाताच्या पंजासारखी, पाच बोटांची, कडेला दातेरी.

अशी पानं आणखी कुठल्या झाडाला असतात, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळे भाजी बघत होतो ना!

शनिवारी सकाळी बेल वाजली. बिल्डिंगचे व्यवस्थापक इशिदा-सान, आणि मागे एक तरुण पोलीस. समोरच्या इमारतीतून कुणीतरी कळवलं होतं, सहाव्या मजल्यावर गांजा लावलाय म्हणून!

नवरा बाजारात गेलेला. जपानमधे ही गोष्ट हसण्यावारी नेत नाहीत. नोकरी, व्हिसा, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि येत होतं तेवढं जपानीही पळालं. नाना मात्र शांत. आल्यागेल्याला झाड दाखवायचं एवढंच त्यांना कळलं. "या, या," म्हणत पोलिसाला गॅलरीत घेऊन गेले.

पोलिसाने वाकून पान पाहिलं, देठ पाहिला. वर एकच फूल आलं होतं, फिकट पिवळं, आत गडद लाल. ते पाहून तो सरळ उभा राहिला.

"हे केनाफ आहे ना? चौथीत असताना आम्ही शाळेत लावलं होतं! ह्याचा कागद करून पोस्टकार्ड बनवलं होतं."

इशिदा-साननी एवढा मोठा सुस्कारा टाकला की मीच दचकले. मग दोघेही वाकून माफी मागायला लागले, मीही वाकले, तिघंही थांबेनात. शेवटी पोलिसाने वही काढली. "हे कशासाठी लावलंय?"

"खातात," इरा म्हणाली.

"खातात?" त्याचा विश्वासच बसेना. "चव कशी असते?"

इराने आजोबांना विचारलं. नाना म्हणाले, "आंबट." इराने सांगितलं. पोलिसाने विचारलं, उमेबोशीसारखी? ते खारवलेलं आंबट फळ मी नानांना एकदा चाखवलं होतं.

"छे छे! ते नुसतं आंबट. हे कसं... आधी उकडून पाणी टाकायचं. मग कण्या, तुरीची डाळ, शेंगदाणे. वरून लसणाची फोडणी. गरम भाकरीबरोबर पहिला घास घेतला ना, की इथे," त्यांनी गालाला हात लावला, "इथे पाणी सुटतं, आणि मग..." इरा भाषांतर करता करता थकली. नाना थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. "नाही सांगता येत. सिंधूला विचारायला पाहिजे होतं."

पोलिसाने वही मिटली आणि खूप खाली वाकून नमस्कार केला. जेवून जा म्हटलं, तर ड्यूटीवर आहे म्हणाला. दोघे गेले.

नाना दाराकडे बघत उभे होते. मग वळले, गॅलरीत गेले आणि शेंड्याचं पहिलं पान त्यांनी स्वतःच्या हाताने खुडलं. मग दुसरं. धोतराचा सोगा भरला.

"मेधा, पाणी ठेव उकळायला."

ताट वाढलं. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत राहिले. पहिली भाकरी संपली. दुसरी नेऊन ठेवली, त्यांनी हात आडवा केला नाही. तिसरी भाजताना मला डोळ्यांतल्या पाण्याने तवा दिसेना.

तेवढ्यात बाहेरून भरल्या तोंडाने हाक आली, "इरा! बोलव गं त्या पोलिसाला. आता सांगतो, कशी लागते!"