करियाची झूल

त्या सकाळी निंगव्वा एका लाकडी खोक्यात कमरेपर्यंत शिरली होती. बाहेर तिच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या, भेगाळलेल्या, पौषातल्या थंडीने पांढुरक्या पडलेल्या. पुढे जे झालं त्यात त्या खोक्याचा थोडा हात आहे. बाकी सगळा माझा.

मी तेव्हा सोलापुरातल्या एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. गिरणीचं नाव सांगत नाही, आता तिचं कुणी भलं-बुरं करू शकत नाही. मी मोहोळचा, मॅट्रिक पास आणि अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षरावर नोकरी लागली होती, आणि त्याचा मला भलता तोरा होता. खाडाखोड झालेलं पान दिसलं की मला शिसारी यायची.

निंगव्वा झाडलोटीच्या कामावर होती. साच्यांखाली, म्हणजे मागांखाली, पडलेलं सूत आणि कापसाचं तूस गोळा करायचं. रोज सकाळी टोकन घ्यायला खिडकीत आली की मला 'तम्मा' म्हणायची. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, एवढं कानडी मला येत होतं. बाकीचे 'साहेब' म्हणत, ही तम्मा. मला ते खटकायचं. लेकाचा मी सत्तावीस वर्षांचा, हिला मुलगा असता तर त्याच्या वयाचा, आणि मला साहेब व्हायची घाई!

ती मूळची अक्कलकोटच्या खालच्या अंगाची. बहात्तरच्या दुष्काळात नवरा, संगप्पा, तापाने गेला आणि ती होटगीकडच्या माळावर खडी फोडायला आली. मूलबाळ नव्हतं. अंगावर एक लुगडं, खाली उघडी जमीन आणि माळावरचा वारा. तिथं एक काळं कुत्रं आपण होऊन तिच्याजवळ राहिलं. निजताना तिच्या पाठीला पाठ लावायचं. तिने त्याला करिया म्हटलं, म्हणजे काळू. दुष्काळी कामं संपली, ती गिरणीत लागली, करिया मागोमाग गिरणीच्या चाळीत आला. "त्या साली त्येनं मला ऊब दिली, आता माझी पाळी," असं ती शेजारच्या अंबुबाईला म्हणायची. हे सगळं मला अंबुबाईनेच सांगितलं, फार उशिरा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत करिया म्हातारा झाला होता. मागचे पाय आखडायचे. चाळीत शहाबादी फरशी, थंडीत तिच्यावर पाय ठेवला तरी कळ डोक्यात जाते. निंगव्वाने बॉबिनचं एक मोडकं खोकं मिळवलं, चार विटांवर उचलून ठेवलं. आत कडब्याचा थर, वर गोणपाट. गोणपाट रोज उन्हात टाकायचं, कारण ओलसर गोणपाटापेक्षा उघडं निजलेलं बरं, हे तिचं ठाम मत. खोक्याचं तोंड करियापुरतंच, तेही वाऱ्याकडे पाठ करून भिंतीकडे वळवलेलं, वरून पोत्याचा पडदा. कुत्र्याची ऊब कुत्र्यालाच पुरली पाहिजे. खायला गरम पाण्यात कुस्करलेली भाकरी. आणि अंगावर झूल. बैलाला पोळ्याला घालतात तशी, पण सणाची नव्हे, रोजची. चादरीच्या काठाचे तुकडे जोडून शिवलेली, पोटाखाली दोन बंद, शेपटीच्या अलीकडे आखूड ठेवलेली, म्हणजे भिजायला नको.

ते तुकडे तिने गिरणीतून चोरले होते. होय, चोरलेच होते. कमरेला गुंडाळून झडतीतून बाहेर काढले होते. तिला साध्वी ठरवायची मला गरज वाटत नाही.

त्या पौषात मॅनेजरच्या बाईंच्या मागे कुठलं तरी कुत्रं लागलं. चावलं नाही, नुसतं लागलं. झालं! हुकूम निघाला: चाळीत ज्यांनी कुत्री पाळलीत त्यांची नोंद करा, नोंदलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला, बाकीची शनिवारी लॉरीत. नोंदीचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी सकाळी कानाला मफलर गुंडाळून, वही घेऊन मी दारोदार हिंडलो. बोटं गारठलेली, डोक्यात चहा.

निंगव्वाच्या दाराशी आलो तेव्हा ती खोक्यात डोकं घालून कडबा बदलत होती. खोकं कशाचं, हे मी विचारलं नाही. कोंबड्यांचं असेल, म्हटलं. करिया पलीकडच्या भिंतीशी उन्हाला नेऊन बांधला होता, तो मला दिसला नाही.

"मावशी, काय पाळलंय का?"

"नायी," खोक्यातून आवाज आला.

मी 'नाही' लिहिलं. सुबक, गोलाईदार. पुढच्या दाराला गेलो.

शुक्रवारी बिल्ले वाटले. संध्याकाळी पाळी सुटल्यावर बऱ्याच वेळाने निंगव्वा खिडकीत आली.

"तम्मा, माजा बिल्ला ऱ्हायला की."

मी वही उघडली, बोट ठेवलं. "तुम्हीच नाही म्हणालात, मावशी. हे बघा, लिहिलंय."

"मी कवा न्हाई म्हनले? नायी म्हनले की रं! नायी!"

मला दोन्ही सारखंच ऐकू आलं. मागे वीरभद्रप्पा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, उभा होता, तो पोट धरून हसायला लागला. "अवो कारकून, आमच्या कानडीत नायी म्हंजे कुत्रं! तिनं कुत्रं सांगितलं आन तुमी न्हाई लिवलं!"

सगळं ऑफिस हसलं. निंगव्वासुद्धा तोंडाला पदर लावून हसली. तिला वाटलं, चूक सापडली म्हणजे चूक मिटली. मी एकटा हसलो नाही. माझे कान तापले होते.

करायचं काय होतं? एक ओळ खोडायची, वर 'कुत्रा एक' लिहायचं आणि मॅनेजरची सही घ्यायची. पण यादीवर त्याची एक सही आधीच झाली होती. आत जाऊन सांगायचं, साहेब, मला कानडी कळलं नाही? ज्या अक्षराची त्याने चारचौघांत तारीफ केली, त्या पानावर खाडाखोड? तो त्या दिवशी कुणावर तरी ओरडत होता. मी वही मिटली.

"उद्या बघू, मावशी."

"बघ बाबा," ती म्हणाली आणि गेली.

उद्या म्हणजे शनिवार, हे मला ठाऊक होतं. लॉरी सकाळीच येणार, हेही ठाऊक होतं. कुत्रं घरात कोंडून ठेवा, एवढं सांगायला काय लागत होतं? जीभ झिजली असती का माझी? भित्रा माणूस दुष्ट माणसापेक्षा बरा, असं लोक समजतात. मी दोन्ही जवळून पाहिलेत, मला फरक सापडला नाही.

तिने माझं 'उद्या बघू' ऐकलं आणि निश्चिंत झाली. अंबुबाईने विचारलं, तर म्हणाली, "तम्मानं बघतो म्हनलंय." शनिवारी पहिल्या भोंग्याला कामावर जाताना तिने करियाला नेहमीसारखं भिंतीशी बांधलं, जिथं पहिलं ऊन पडतं तिथं, झुलीचे बंद घट्ट करून. लॉरी आली तेव्हा चाळीतली उनाड कुत्री चौफेर पळाली. त्यातली निम्मी हाती लागली नाहीत. करिया बांधलेला होता. अंबुबाई म्हणते, त्याने शेपूटही हलवली. वॉचमनने त्याची झूल काढली, काठावर विणलेली गिरणीची खूण पाहिली आणि ती बाजूला ठेवली. कुत्रं उघडं लॉरीत गेलं.

कुत्री होटगीच्या बाजूला माळावर सोडली. मारली नाहीत, असं ऑफिसात कौतुकाने सांगत होते.

रविवारी निंगव्वा चालत गेली. तिचाच माळ, कधीकाळी तिनेच फोडलेल्या खडीचे ढीग. एका ढिगाच्या आडोशाला करिया सापडला. नाक शेपटीत खुपसून, अंगाचं वेटोळं करून, वाऱ्याकडे पाठ. लाकडासारखा झाला होता. तिने तिथंच खड्डा केला आणि संध्याकाळी परत आली.

सोमवारी मॅनेजरच्या टेबलावर ती झूल पडली होती. काळे केस अजून तिला चिकटलेले होते. गिरणीचा माल चोरीला गेला, चौकशी झाली पाहिजे. कुत्रं तिच्या खोलीजवळ बांधलेलं होतं, म्हणून निंगव्वाला बोलावलं. जबाब लिहायला मी, वही तीच. तिने 'होय' म्हटलं असतं तर त्याच दिवशी कामावरून कमी, आणि खोलीही खाली. पन्नाशी उलटलेली बाई कुठं गेली असती?

मी मान वर न करता विचारलं, "ही झूल तुमची का?"

ती पुढे आली. झुलीचा एक बंद सुटला होता, तो तिने बोटांनी सरळ केला. मग हात काढून घेतला.

"न्हाई."

"आणि कुत्रं?" मॅनेजरने विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत, एकेक अक्षर सुटं करून. मग माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच तिने मला तम्मा म्हटलं नाही.

"आता बराबर लिवा, सायेब."

मी लिहिलं. खाडाखोड झाली नाही.