परग्रहवाले आणि अण्णा

पक्षाघातानं माझ्या वडिलांची, अण्णांची, वाचा गेली होती. दुपारी त्यांच्या उशाशी बसून मी परग्रहवाल्यांच्या राज्याची एक कादंबरी वाचून दाखवायचे. असली पुस्तकं त्यांना पूर्वी पोरकट वाटायची. त्या दिवशी कादंबरीतली मुलगी नुसत्या मनाच्या बळावर परक्यांच्या तुरुंगाचं दार ढकलत होती. अण्णांचा डोळा लागला असेल म्हणून मी पुस्तक मिटलं, तर त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. कपाळावरची शीर फुगली, ओठ थरथरले.

"पु... पुढं वाच!"

तीन महिन्यांनी आलेले ते शब्द! मनाच्या बळावर दारं उघडणारी माणसं मी पुस्तकांत पुष्कळ पाहिली होती, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहत होते. मी रडत, हसत वाचू लागले.

"मोठ्यानं!" अण्णा म्हणाले.