आबांच्या कवळीने लावलेली सवय

माझी लेक साडेतीन वर्षांची होती, तेव्हा रहाटणीच्या आमच्या घरात रोज सकाळी ब्रशवरून रणकंदन व्हायचं. मी ब्रश हातात घेतला की ती ओठ घट्ट मिटायची आणि थेट सोफ्यामागे. गोड पेस्ट आणली, ती तिने खाऊन टाकली. सशाचा ब्रश आणला, तो बाहुलीला देऊन मोकळी झाली.

अशात लातूरहून सासरे राहायला आले. सकाळी बेसिनपाशी त्यांनी नेहमीसारखी तोंडातली कवळी काढली आणि ब्रशने घासायला घेतली. लेक दारात उभी होती. दोन क्षण ती बघत राहिली, मग किंचाळतच स्वयंपाकघरात आली.

"आई! आबांचे दात निघाले! हातात आहेत!"

मी काही बोलायच्या आत ती परत पळाली आणि स्वतःचे पुढचे दात दोन्ही हातांनी ओढायला लागली. निघेनात, तशी भोकाड पसरलं.

"माझे का निघत नाहीत?"

सासऱ्यांनी घाईघाईने कवळी बसवली. "अगं लेकरा, ओढू नको! माझे बी तुझ्यासारखेच पक्के होते. घासायचा कंटाळा केला, किडले, पडले. आता हे विकतचे. ह्यांनी ऊस खाता येत न्हाई बघ."

ऊस खाता येत नाही म्हटल्यावर रडणं बंद. ऊस म्हणजे तिचा जीव की प्राण.

"असं करू," सासरे म्हणाले. "तू माझे घास, मी तुझे घासतो."

सौदा पटला. स्टुलावर उभी राहून, जीभ बाहेर काढून तिने ती कवळी अशी काही चकचकीत केली की विचारू नका. मग स्वतः होऊन आ केला. आयुष्यात पहिल्यांदा! मी दाराआड पदर तोंडात कोंबून हसत होते.

काही दिवसांत तिला घासण्याचं वेडच लागलं. रात्री जेवण झालं की तीच आबांना हाताला धरून बेसिनकडे न्यायची. तेवढ्यावर थांबली असती तर बरं.

एका सकाळी आम्ही दोघी नवऱ्याला सोडायला चौकात गेलो. चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बससाठी तिथे युनिफॉर्मातली मंडळी उभी असतात.

"बाबा, दात घासले?"

"हो गं."

"आ करा."

चारचौघांत त्याने आ केला. तिने टाचा उंचावून आत डोकावलं आणि ओरडली, "पोहे!"

सगळा चौक हसायला लागला. एकजण म्हणाला, "राव, क्वालिटीवाल्या मॅडम आल्या! माल रिजेक्ट!" मग काय, एकेक दादा आपणहून वाकून आ करायला लागला. ती गंभीर चेहऱ्याने बघायची आणि "ओके" म्हणायची. एकजण तंबाखू खाणारा होता. तो हळूच मागे सरकला, पण मित्रांनी धरून पुढे आणला. ती नाक दाबून म्हणाली, "काका, तुमचे पण पडणार. ऊस नाही मिळणार." तो बिचारा लाजून लाल झाला. हसताहसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बस आली तरी कुणी चढेना, ड्रायव्हरच खाली उतरला आणि त्यानेही आ केला.

सासरे लातूरला गेले, पण तिची सवय राहिली. आता दोन्ही वेळा तीच आम्हाला हाका मारते. बेसिन लहान, माणसं तीन, आणि फेस सगळा आरशावर.