फडात ठेवलेलं कडं

वालूरच्या बसप्पांनी जन्मात कधी लंगोट कसला नाही, तरी कुस्तीचं वेड त्यांच्याइतकं कुणालाच नसेल. किराणा दुकानाच्या गादीवर बसून बसून आलेलं पोट, गळ्यात इष्टलिंग, साठीला टेकलेलं वय, आणि जीव सगळा भुजंग पैलवानात अडकलेला. भुजंग त्यांच्या नात्याचा ना गोत्याचा. पण जत्राजत्रांतून कुस्त्या करून पोट भरणाऱ्या या गड्याची जोड कुठेही लागली, की दुकान बंद आणि बसप्पा पहिल्या एसटीत. त्यांची बायको नीलम्मा गिऱ्हाइकांना म्हणायची, "ह्यांनी लगीन भुजंगसंगंच लावायचं हुतं. माझा जलम तरी सुटला असता."

भुजंग त्यांना आप्पा म्हणायचा. त्याला या माणसाचा लळाही होता आणि धाकही. कुस्तीच्या दिवशी निकाल लागेपर्यंत आप्पा पाणीसुद्धा पीत नसत. फडात उतरण्याआधी स्वतःच्या हाताने त्याच्या कपाळाला विभूती लावत, आणि मग त्याचे कपडे छातीशी धरून उभे राहत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. गंगाखेडला एकदा भुजंग खाली सापडला, तर हे धोतर सावरत सरळ फडात शिरले आणि वरच्या पैलवानाच्या पायाला मिठी मारून बसले. पंचांनी त्यांना उचलून बाहेर ठेवलं तेव्हा सगळं मैदान हसत होतं. भुजंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या एसटीत तो म्हणाला, "आप्पा, लोक हसायलेत. परत असं करताल तर मी बोलणार न्हाई तुमच्यासंगं."

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हसू दे. त्यो तुझी मान पिळायलता, अन् मी काय बघत बसू?"

मान पिळली जातेय हे आप्पांना त्याच दिवशी दिसलं होतं, पण तिला काय झालं ते भुजंगला नंतर कळलं. त्या कुस्तीपासून त्याच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. परभणीच्या डॉक्टरांनी फोटो बघून स्पष्टच सांगितलं, मानेतली नस दबली आहे, एकदा जरी मानेवर पडलात तरी हात जाईल. पेडगावच्या जत्रेतली शेवटची, मानाची कुस्ती मात्र आधीच ठरून बसली होती. भुजंगने समोरच्या हरिओमला विश्वासात घेतलं. दोघे एकाच वस्तादाच्या हाताखाली वाढलेले. अंग राखून पंधरा मिनिटं खेळायचं, मग पंच बरोबरीत सोडवतील, दोघांना फेटे बांधतील, आणि भुजंग कायमचा मातीला नमस्कार करेल.

हे आप्पांना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, त्याने सांगितलंच नाही. तीनदा दुकानाच्या पायरीपर्यंत गेला. दर खेपेला आप्पांनी मूठभर खारका त्याच्या हातात कोंबल्या, "पेडगाव मारायचं बरं का," म्हणाले, आणि याची जीभ उचलली नाही. कुस्ती झाल्यावर सांगू, असं ठरवून तो खारका खात घरी गेला.

पेडगावला सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. हलगी तापली, पंधरा मिनिटं झाली, पंचांनी दोघांचे हात धरले. तेवढ्यात बसप्पा फडात आले. मनगटातलं चांदीचं कडं, वडलांच्या हातातलं, त्यांनी ओढून काढलं आणि मधोमध मातीवर ठेवलं. म्हणाले, "निकाली करंल त्याला हे माझ्याकडून." असं भर फडात इनाम ठेवलं की पाठ फिरवणारा पैलवान हरल्यात जमा, हा तिथला रिवाज. लोक निकाली, निकाली म्हणत उठले. आप्पा भुजंगच्या कानाशी लागले. "मला ठावं हाय, तू त्याला दमवायलास. आता घे."

तेव्हाही सांगता आलं असतं. पण सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या त्या म्हाताऱ्याचे सुकलेले ओठ समोर होते, आणि भुजंगला बरोबरी मागायची लाज वाटली.

हरिओम हात राखूनच खेळत होता, त्याला दोष देता येणार नाही. ढाकेचा डाव मारायला घुसला तो भुजंगच. आप्पांना एकदा शेवटचं जिंकून दाखवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. हरिओमचं अंग सवयीने वळलं आणि भुजंग मानेवर पडला. हलगी थांबली. कडं तिथेच मातीत होतं. हरिओमने ते उचललं नाही, बसप्पांनीही नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला आधीच सांगितलं होतं ना मी." आप्पा शेजारीच उभे होते, भुजंगचे कपडे छातीशी धरून. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग भुजंगकडे. "मला का न्हाई सांगितलंस रे?" एवढंच विचारलं. परत कधी विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर भुजंगला बरं वाटलं असतं.

आता दुकान रोज उशिरा उघडतं. सकाळी आप्पा कोमट तिळाच्या तेलाची वाटी घेऊन भुजंगच्या ओसरीवर येतात आणि त्याचा उजवा हात मांडीवर घेऊन चोळत बसतात. हात दिवसेंदिवस वाळत चाललाय. कुस्तीचं अक्षर दोघं काढत नाहीत. आप्पा रोज विचारतात, "कळायलंय का काही?" आणि भुजंग त्यांच्या बोटांकडे बघत म्हणतो, "कळायलंय की आप्पा. कालच्यापेक्षा ज्यास्त."

परवा आप्पा चोळता चोळता थांबले. म्हणाले, "डोळे मिट बरं."

भुजंगने डोळे मिटले.

"सांग, कोणचं बोट धरलंय मी?"

डोळे मिटले की तो हात त्याच्यापुरता नव्हताच. त्याने अंदाजाने सांगितलं, "करंगळी."

आप्पा म्हणाले, "बराबर."

भुजंगने हळूच डोळे किलकिले केले. आप्पांनी त्याचा अंगठा मुठीत गच्च धरला होता, इतका की नख पांढरं पडलं होतं, आणि ते मान वळवून भिंतीकडे बघत होते. भुजंगने डोळे परत मिटून घेतले.