जुडग्यातली दुसरी चावी

मुलीला बाळ झालं म्हणून लातूरला निघालो होतो. मुखेडला चहासाठी थांबलो आणि तिथंच गाडी अडली. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन चालू होईना. डॅशबोर्डवर चावीचा लाल दिवा लुकलुकत होता.

समोरच्या गॅरेजातला म्हातारा मेकॅनिक आला. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. लिंबाच्या सावलीत, डोळे अर्धे मिटून, तो त्या दिव्याकडं बघत राहिला. मग माझा जुडगा तळहातावर घेऊन त्यानं एक काळी चावी अंगठ्यानं बाजूला केली.

"ही कोन्या गाडीची?"

"थोरल्या भावाच्या. तो वारला, गाडी विकली, ही जास्तीची चावी माझ्याकडं राहिली. पुतणीचं बाळ बघायला तो नक्की आला असता, म्हणून ही सोबत आणली. आत्ताच चहा पिताना जुडग्यात अडकवली."

"हिच्यातबी चिप हाय. दोघी सोबतच बोलून राहिल्या, गाडीला तुमची वळख पटंना."

त्यानं ती चावी हलकेच सोडवली, शर्टाला पुसली आणि बाजूच्या सीटवर ठेवली. "टाकू नका. नुसती लांब ठेवा."

गाडी लगेच चालू झाली. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लातूरपर्यंत ती चावी शेजारी उन्हात चमकत होती, आणि मी कितीतरी दिवसांनी भावाशी मोठ्यानं बोलत होतो.