कवचाचा काळा थर

लोकांना खोटी वस्तूच जास्त आवडते, हे मला दगडांच्या धंद्यानं शिकवलं. उस्मानपुऱ्यात माझं स्फटिकांचं दुकान होतं. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या पोटात पांढरे, हिरवट स्फटिक सापडतात. ते मी विहिरी खोदणाऱ्यांकडून आणि खाणवाल्यांकडून घ्यायचो आणि शौकिनांना विकायचो. अजिंठा बघायला आलेल्या पाहुण्यांना मात्र शाईत बुडवलेला जांभळा दगडच हवा असे. खरा पांढरा पुढं केला की नाक मुरडत. अशा गिऱ्हाइकांची मला कधी दया आली नाही, आजही येत नाही.

हीट शील्डशी माझा संबंध आला तोही या धंद्यातूनच. अंतराळातून परतणारं यान हवेत शिरताना भयंकर तापतं. आतली माणसं भाजू नयेत म्हणून त्याच्या बुडाला एक जाड कवच असतं, ते स्वतः जळत जातं आणि यानाला वाचवतं. परतलेल्या यानांच्या कवचांचे तुकडे जगभरातले हौशी लोक जमवतात. परदेशातल्या एका गिऱ्हाइकानं हिरव्या स्फटिकाच्या बदल्यात मला असा एक तुकडा पाठवला आणि तो पारखायचा कसा हेही नीट समजावलं.

शहरात बातमी पसरायला वेळ लागत नाही. माझ्याकडे आकाशातल्या वस्तूंची पारख आहे असं कळल्यावर दुकानात कचरा येऊ लागला. कुणी वीटभट्टीतलं वितळून काळं पडलेलं खंगर आणलं, कुणी ट्रकच्या ब्रेकचं जळकं लायनर. प्रत्येकाची वस्तू शेतात आकाशातून पडलेली आणि प्रत्येकाच्या आजोबांनी ती पडताना पाहिलेली. एकाला मी म्हटलंही, "आजोबांनी पाहिली असेल हो, पण भट्टीतून काढताना."

या सगळ्यांवर कडी केली ती फुलंब्रीकडच्या एका शाळेच्या अध्यक्षांनी. घरची बागायत, शहरात बंगला आणि शाळा म्हणजे जणू आपलीच ओसरी. पारदर्शक ठोकळ्यात बसवलेला एक काळाकुट्ट तुकडा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. ठोकळ्याला सोनेरी पट्टी, सोबत चौकटीत घातलेलं सर्टिफिकेट.

"शेठ, अंतराळात जाऊन आलेला तुकडा हाय. शाळेच्या कपाटात ठेवायचाय. तुम्ही फकस्त व्हय म्हणा."

मी ठोकळा फिरवून पाहिला. "साहेब, तव्यावर भाकरी करपली तर कुठून करपते?"

"खालून. त्याचं काय?"

"यानसुद्धा एकाच अंगानं आगीला तोंड देतं. त्या अंगाला काळा, ठिसूळ थर पाहिजे, त्याच्या आत तपकिरी आणि मग मूळ रंग. तुमचा तर सगळ्या बाजूंनी सारखाच काळा आहे. कुणीतरी चुलीत भाजलाय."

"आवं, पण सर्टिफिकेट हाय ना!"

"त्यावर सही कुणाची?"

"विकणाऱ्याची. आनखी कुणाची आसणार?"

गवळ्यानं आपल्याच दुधाची तारीफ लिहून दिली होती आणि साहेबांनी ती चौकटीत घालून आणली होती. मी तसं तोंडावर बोललो. ते हसले आणि ठोकळा उचलून निघून गेले. माझं बोलणं त्यांनी मनात ठेवलं होतं, हे पुढं कळलं.

माझा थोरला भाऊ त्याच शाळेत हयातभर विज्ञान शिकवून निवृत्त झाला होता. त्याचा एक जुना विद्यार्थी परदेशात एका प्रयोगशाळेत होता. त्यानं आपल्या सरांना हीट शील्डचा तळहाताएवढा तुकडा पाठवला, कापसात गुंडाळून, बिस्किटाच्या डब्यात. सोबत कागद नाही, शिक्का नाही. दादानं जन्मभर फळ्यावर खडूनं यानं काढली होती. आता खरोखर जाऊन आलेली एक वस्तू पोरांच्या हातात द्यावी, एवढीच त्याची इच्छा होती. शाळेच्या कपाटात तो ठेवाल का, असं त्यानं विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आणा तुमच्या भावाला. माझ्या तुकड्याला खोटा म्हणला, आता घरच्याला काय म्हणतो बघू."

मी फुलंब्रीला दादाकडे गेलो तेव्हा घटस्थापना तोंडावर आली होती आणि वहिनींनी दसरा काढला होता. म्हणजे घरातली झाडून सगळी चीजवस्तू धुऊन, घासून अंगणात वाळत पडलेली. गोधड्या, हंडे, डबे, देव्हाऱ्यातली घंटा, काहीही सुटलेलं नव्हतं. दादानं बिस्किटाचा डबा आणून उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. आतला तुकडा स्वच्छ बदामी रंगाचा होता.

वहिनी दारातून कौतुकानं म्हणाल्या, "भावजी, लई काळं झालं हुतं वो ते. हाताला लागायचं. काथ्यानं आन् राखंनं घासघास घासलं, तवा कुटं निघालं. आता कसं लख्ख दिसतंय!"

हौशी लोक किंमत देतात ती त्या काळ्या थराला, कारण प्रवासाचा पुरावा तोच. वातावरणाच्या आगीतून वाचलेला तो थर आमच्या मोरीतून वाहून गेला होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

"किंमत ऱ्हाऊ दे," तो हळू आवाजात म्हणाला. "खरा हाय का, तेवढं सांग."

मी भिंग लावलं. खऱ्या कवचात असते तशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्या घरांत भरलेला आग सोसणारा मसाला. जिथं काथ्या पोचला नव्हता त्या कोपऱ्यांत काळं शिल्लक होतं, खाली तपकिरी होत जाणारं, आणि तेही एकाच अंगाला. तो तुकडा खरोखर वर जाऊन परत आला होता. मी तसं सांगितलं, तेव्हा दादाचे डोळे भरून आले.

वहिनींनी चहा आणला आणि आमच्या तोंडांकडे बघून विचारलं, "माझ्या घासण्यानं काय बिगडलं नाय ना?"

"काही नाय," दादा म्हणाला. "काजळी होती, गेली."

शाळेच्या वाटेवर त्यानं मला बजावलं की घासण्याचं तिथं बोलायचं नाही. गावाला आयतीच करमणूक मिळेल आणि ती बिचारी जन्मभर ऐकत बसेल. आणि अध्यक्षांनी नेमकं तिथंच धरलं.

"शेठ, तुम्हीच म्हणला हुता, काळा थर पाहिजे. ह्याला कुटं हाय काळं? हे तर जळालंच नाय!"

मी भिंग पुढं केलं, कोपरे दाखवतो म्हटलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही. ज्याला बघायचंच नाही त्याला भिंग देऊन उपयोग काय? खरं कारण माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं.

मग साहेबांनी मोठं मन दाखवलं. कपाटाच्या वरच्या फळीवर त्यांचा भाजलेला ठोकळा बसला. त्या फळीला काच, काचेला कुलूप आणि वर बल्ब. दादाच्या तुकड्याला अगदी खालची उघडी फळी मिळाली, तुटक्या लोहचुंबकांच्या शेजारी. नावाची चिठ्ठीसुद्धा नाही.

बाहेर येताच माझा बांध फुटला. "दादा, खोटं वर आणि खरं खाली! तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. लई वाटतं," दादा चालता चालता म्हणाला. "पण पोरांचा हात खालच्याच फळीला पोचतो."