कल्लप्पाचं मटण

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, भर दुपारी साडेबारा वाजता, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कोपऱ्यावर मी धर्मभ्रष्ट झालो. निदान पुढची बारा मिनिटं माझी तशी समजूत होती.

आमच्या घरात श्रावण म्हणजे आणीबाणी. दोडका, घोसाळं, पडवळ आणि पुन्हा दोडका असे सतरा दिवस काढल्यावर माझी अवस्था अशी झाली होती की समोरून शेळी गेली तरी मी स्कूटर थांबवून तिला आदराने वाट देत असे. त्या दिवशी बायकोने भाचीच्या बारशाला द्यायचे टॉवेल कारखान्यातून आणायला पाठवलं होतं. टॉवेल घेऊन परतताना तो वास आला. काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि तव्यावर करपत आलेलं काहीतरी. त्या वासाने माझी कॉलरच धरली. स्कूटरने माझी परवानगी न घेता डावीकडचा इंडिकेटर लावला, तीन टेम्पो आणि एक सायकलवाला यांच्यामधून वाट काढली आणि एका हिरव्या गाड्यापाशी येऊन आपली आपण स्टँडवर चढली. गाड्यावर बोर्ड होता: कल्लप्पा मटण बर्गर.

मी चार खाल्ले. पहिला खाताना महादेव आठवले. दुसरा खाताना बायको आठवली. तिसरा खाताना कुणीच आठवलं नाही. चौथा मी पश्चात्ताप म्हणून खाल्ला. मग हात पुसत, जाणकाराच्या आवाजात विचारलं, "मालक, बोकड करमाळ्याकडचं दिसतंय?"

तव्यामागचा माणूस काटकुळा, पन्नाशीला आलेला, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं आणि गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी बाहेर काढून मला दाखवली.

"बोकड कुटलं, सर? आमी लिंगायत. सगळं सोयाबीन हाय की."

"आणि ते हाड चोखलं मी, ते?"

"शेवग्याची शेंग."

बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात 'सोयाबीनचे' असं लिहिलेलंही त्याने दाखवलं. "पेंटरला जागा पुरली न्हाय," तो म्हणाला. पाप केल्याचं दुःख मला झालंच होतं. आता ते न केल्याचंही झालं. मी आणखी दोन बांधून घेतले.

अशी माझी आणि कल्लप्पा दुधनीकरची ओळख झाली. या माणसाने जन्मात मटण खाल्लेलं नव्हतं. त्याच्या बापाने नाही, आज्याने नाही. आणि त्या चवीचं मटण अख्ख्या एमआयडीसीत दुसरं मिळत नव्हतं. हा चमत्कार घडवला होता अण्णारावांनी. अण्णाराव एका पॉवरलूमवर वॉचमन होते आणि मटणाच्या बाबतीत त्यांचा शब्द आसपासच्या चार कारखान्यांत अखेरचा मानला जाई. कल्लप्पाने आधी बटाट्याचे बर्गर विकून पाहिले होते. ते प्रत्येक चौकात मिळतात. सोयाबीनचा बर्गर म्हणून विकला, तर कामगार म्हणाले, "सोयाबीनची पेंड आमी म्हशीला घालतोय, मालक." मग अण्णारावांनी सल्ला दिला की मटण कर. कल्लप्पाने विचारलं, मटण कसं लागतं?

"कसं लागतं म्हंजे? मटणासारखं लागतं की!"

"मटणासारखं म्हंजे कसं?"

अण्णाराव तीन दिवस विचारात पडले. चौथ्या दिवसापासून कल्लप्पा रोज एक टिक्की करून नेऊ लागला आणि अण्णाराव खाऊन निकाल देऊ लागले. "म्हातारं हाय." "ह्ये शिजलंच न्हाय." "ह्याला चरबी न्हाय रं, आजारी हुतं व्हय?" चरबीसाठी कल्लप्पाने खोबऱ्याचे तुकडे जाळावर भाजले. रेषांसाठी कच्चा फणस वाफवून पिंजला. आंधळ्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून हत्तीचं चित्र काढावं, तसं चाललं होतं. दोन महिन्यांनी एका दुपारी अण्णारावांनी घास घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा ओले होते. "बकरं कापलंस, कल्लप्पा," ते म्हणाले. कल्लप्पाच्या आयुष्यातलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक. ते तो मला किमान वीस वेळा सांगून चुकला होता.

आता नागव्वांबद्दल सांगायला हवं. नागव्वा म्हणजे कल्लप्पाची आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर कानडीतच द्यायच्या. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यापासून रोज सकाळी, दोघांची लिंगपूजा झाली की, कल्लप्पा त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी आपल्या हाताने भरवायचा. सून होती, दाक्षायणी, मोठी मायाळू बाई. पण सकाळचा पहिला घास मुलाचाच. सहा वर्षं हा नेम चालला.

मग गल्लीतल्या बसव्वाने येऊन सांगितलं की तुझा मुलगा मटण विकतो.

त्या सकाळी नागव्वांनी विचारलं, "मटण विकतोस?" आणि आमचा हा राजा हरिश्चंद्राचा अवतार! त्याने आधी 'नाही' म्हणायचं आणि मग खुलासा करायचा, की नाही? तो म्हणाला, "व्हय अव्वा, पण त्ये..." नागव्वांना 'व्हय' ऐकू आलं. 'पण'च्या पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "बेडा." कानडीत नको म्हणायला एवढा एकच शब्द आहे आणि तो पुरतो.

त्या दिवसापासून दाक्षायणी भरवू लागली.

कल्लप्पा हे मला सांगायचा तेव्हा त्याचा उलथण्याचा हात थांबायचा. गिऱ्हाईक ओरडायचं, "मालक, जळालं की मटण!" आणि तो दचकून टिक्की उलटायचा. "सर, सगळं गाव खातंय माज्या हातचं," तो एकदा म्हणाला. "एक तोंड उघडंना."

त्याने सोयाबीनचं पोतं घरी नेऊन आईच्या खाटेसमोर उघडलं. नागव्वा म्हणाल्या, पोतं सोयाबीनचं आहे, तव्यावर काय टाकतोस ते मला काय माहीत? शेवटी दाक्षायणीने उपाय काढला: चार मोठ्या माणसांना घरी बोलवा, त्यांच्यासमोर करा, त्यांना खायला द्या, ते सांगतील. एका रविवारी मठातले स्वामी आले, गल्लीतले दोन वडीलधारे आले, समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक धरणारे वकील सोमशेखर सपत्नीक आले. परका तज्ज्ञ म्हणून मीही होतो.

कल्लप्पाने सगळ्यांसमोर टिक्क्या केल्या. थाळ्या फिरल्या. सगळे चावू लागले आणि खोलीत भयाण शांतता पसरली. कारण आता बोलायचं काय? हे मटण नाही, असं सांगायचं तर मटण कसं लागतं ते माहीत असायला हवं. आणि ते माहीत आहे म्हटलं, तर आधी त्याचाच खुलासा द्यायला हवा! वडीलधारे छताकडे पाहू लागले. तेवढ्यात वकीलसाहेबांचा संयम सुटला.

"अहाहा! अगदी तेच हो! फक्त चरबी जराशी..."

ते थांबले. वकीलीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं अजून संपलेलं नाही असं ऐकतो.

स्वामी प्रामाणिक होते. म्हणाले, "आई, मला हे चांगलं लागलं. पण तुलना करायला दुसरी चव माझ्याकडे नाही."

राहिलो मी. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की हे मटण नाही, मी चाळीस वर्षं मटण खातोय. नागव्वांनी मुलाला कानडीत विचारलं, "हा खातो?"

"व्हय."

"मग ह्याचं काय ऐकायचं?"

जाताना मी त्यांना नमस्कार केला, तेव्हा त्या सरळ मुलाकडे पाहून बोलल्या. कल्लप्पाने मला अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या होत्या, "सोयाबीन असेल तर सोयाबीन म्हण. ज्यांच्या मनात मटण आहे त्यांना मटणाचं नाव सांगून विकतोस, आणि गळ्यात लिंग बांधतोस?"

पुढच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका एसी हॉटेलात 'प्लांट-बेस्ड' बर्गर मिळू लागला. वकीलसाहेबांपासून सगळे तिथे सहकुटुंब जाऊन आले, फोटो काढून आले. इंग्रजीत लिहिलं की काही बाटत नसावं.

"प्लांट-बेस्ड म्हंजे काय, सर?" कल्लप्पाने विचारलं.

"तू करतोस तेच. पंख्याखाली."

तो हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने पेंटरला बोलावून बोर्ड पुसून घेतला. नवा बोर्ड आला: कल्लप्पा सोया बर्गर. यावेळी पेंटरला जागा भरपूर पुरली. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं येऊन म्हणायचं, "एक मटण द्या." कल्लप्पा हात जोडून सांगायचा, "सोया म्हणा हो, पाया पडतो." अण्णाराव तर भडकले. "चव तीच हाय, मग नाव बदलून काय मिळवलंस रं येड्या?"

पण घरी फरक पडला. दाक्षायणीने सासूला नव्या बोर्डाचा फोटो मोबाइलवर दाखवला, अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. आठवड्याने नागव्वा म्हणाल्या, "सोमवारी बघू."

सोमवारी कल्लप्पा पहाटेच उठला. दाक्षायणीने मला नंतर सांगितलं ते असं: पूजा झाली, भाकरी कुस्करली, दूध घातलं. नागव्वांनी तोंड उघडलं. घास ओठांपाशी गेला. आणि दाराबाहेर मोटारसायकल थांबली. एमआयडीसीतला कुणीतरी भला माणूस, लेकीच्या वाढदिवसाची पन्नास बर्गरची ऑर्डर घेऊन उत्साहाने पत्ता शोधत आला होता.

"ओ, कल्लप्पा मटण हितंच राहतो का?" त्याने सगळ्या गल्लीला विचारलं.

नागव्वांचं तोंड मिटलं.

ती ऑर्डर कल्लप्पाने घेतली नाही. त्या दिवशी गाडा लागला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पंधरा दिवसांनी मला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, "बंद केलं, सर. नाव पुसलं बोर्डावरचं, लोकांच्या तोंडावरचं कसं पुसू?" मी त्याला हसवायचा प्रयत्न केला. म्हणालो, तुझ्यामुळे माझा श्रावण बुडायचा राहत होता, आता माझं काय होणार? तो हसला. माझं मन राखायला.

गाडा बंद केल्याचं त्याने आईला सांगितलं. पण ते सांगेपर्यंत उशीर झाला होता. गाडा बंद झाला त्याच महिन्यात नागव्वांना दुसरा झटका आला होता आणि त्यानंतर त्यांना माणसं ओळखू येईनात. कल्लप्पाने घास पुढे केला आणि म्हणाला, "अव्वा, मी कल्लप्पा." त्यांना चेहरा आठवला नाही. नाव मात्र आठवलं. तोंड मिटलं. "बेडा."

दुसऱ्या दिवशी त्याने नाव सांगितलं नाही.

मी एकदा सकाळी फळं घेऊन गेलो होतो. कल्लप्पा खाटेवर बसला होता, हातात वाटी. नागव्वांनी विचारलं, "यारप्पा?" कोण रे बाबा? त्याने नुसता घास पुढे केला. त्या स्वतःच म्हणाल्या, "तम्मा?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचा तो भाऊ कधीच वारला होता. कल्लप्पाने मान हलवली. नागव्वांनी आ केला. एक घास, दुसरा, तिसरा. वाटी संपेपर्यंत त्या निवांत जेवल्या. मग धडधाकट हाताने त्याचा दंड धरून, जवळ ओढून, हळूच काहीतरी बोलल्या. माझं कानडी एसटी स्टँडपुरतं आहे. मी दाक्षायणीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता.

"काय म्हणतात?" मी कल्लप्पाला विचारलं.

त्याने आईचे ओठ पुसले. "म्हणतीया, माजा ल्योक मटण विकतोय, त्याच्या हातचं मी खात न्हाय. तूच येत जा."

"मग पुन्हा सांग ना त्यांना. बंद केलंस म्हणून."

"मीच त्यो म्हणून सांगितलं तर उपाशी ऱ्हाईल की, सर," तो म्हणाला आणि वाटी धुवायला उठला.

पाच महिने तो रोज सकाळी तम्मा होऊन आईला भरवत होता. फेब्रुवारीत नागव्वा गेल्या. गाडा जुळे सोलापूर भागातल्या एका माणसाने नेला. तो त्याच्यावर मोबाइलची कव्हरं विकतो.